घरची शिवण : हौस, हिशेब आणि शिंपी

साशंक : घरी कपडे शिवण्याच्या बाजूने आजवर जे बोलले गेले त्यातला सर्वांत जुना मुद्दा काटकसरीचा होता, आणि तो आता निकालात निघाला आहे हे आधी मान्य करून टाकावे. लहान मुलीचा साधा सुती फ्रॉक घरी शिवायचा म्हटले तरी कापड, अस्तर, चेन, दोरा आणि घेराला लावायची लेस एवढी खरेदी होतेच. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या भुलेश्वरात ही सामग्री स्वस्तात मिळाली तरी तिची बेरीज पुष्कळदा रस्त्यावर टांगलेल्या तयार फ्रॉकच्या पुढे जाते, आणि त्यात शिवणाऱ्या व्यक्तीच्या वेळेचा एक पैसाही धरलेला नसतो. कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकावर एक पसरून एकदम कापले जातात, एक कामगार दिवसभर केवळ बाह्या जोडतो, दुसरा केवळ गळे. या श्रमविभागणीपुढे घरातल्या एकट्या मशीनचा निभाव लागणे शक्य नाही. मग उरते ती हौस. हौसेला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु अलीकडे तिला स्वावलंबन, पर्यावरणरक्षण, कारागिरीचे पुनरुज्जीवन अशी भारदस्त नावे दिली जातात आणि म्हणून ती नावे तपासून पाहणे भाग पडते.

शिवणप्रेमी : काटकसरीचा मुद्दा सोडून देता येईल, मात्र तो कशामुळे सुटला हेही सांगितले पाहिजे. तयार फ्रॉक स्वस्त पडतो तो केवळ श्रमविभागणीमुळे पडत नाही. त्याची शिलाई कोणीतरी अत्यल्प मजुरीत केलेली असते. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ साव्हार येथे राना प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक तयार कपडे शिवणारी होती, आणि आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसूनही त्यांना कामावर बोलावण्यात आले होते. ज्या व्यक्तीने आयुष्यात एकदा तरी शर्टाची कॉलर स्वतः बसवली आहे, तिची टोके नीट उलटत नाहीत म्हणून दोनदा उसवली आहे, तिला फार स्वस्त शर्ट हातात घेताना ही स्वस्ताई कोणाच्या अंगावर पडली असेल हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. तरीही घरच्या शिवणीची खरी बाजू याहून वेगळी आहे, आणि ती मापाची आहे. तयार कपड्यांचे साइज एका नमुन्याच्या देहावरून काढलेले असतात. त्या नमुन्याचा आराखडा ठरावीक प्रमाणात वाढवत आणि घटवत न्यायचा, या पद्धतीला ग्रेडिंग म्हणतात. त्यात ज्याचा एक खांदा उतरता आहे, ज्याची पाठ रुंद पण दंड बारीक आहेत, असा प्रत्येक देह अपवाद ठरतो. घरी शिवताना देह मूळ धरला जातो आणि कापड त्याच्याकडे वळवावे लागते. मुंढ्याचेच उदाहरण घ्यावे. मुंढा म्हणजे बाही ज्या गोलाईवर जोडली जाते तो खांद्यापासून काखेपर्यंतचा काप. नवशिका माणूस पुढचा आणि पाठीचा भाग एकावर एक ठेवून दोन्ही मुंढे सारखेच कापतो. कपडा शिवून अंगात घातल्यावर पुढच्या बाजूला काखेजवळ कापडाचा चोळामोळा साचून राहतो, कारण माणसाचे खांदे किंचित पुढे वळलेले असतात आणि हात दिवसभरातली बहुतेक कामे समोरच करतात. म्हणून पुढचा मुंढा पाठीच्या मुंढ्यापेक्षा साधारण अर्धा इंच अधिक खोल कोरावा लागतो. हा अर्धा इंच ज्याला एकदा कळला त्याची स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि हे शिक्षण दुकानातल्या आरशापुढे मिळत नाही.

साशंक : दृष्टी बदलते हे खरे मानले तरी व्यवहार बदलतो काय, हे पाहावे लागेल. शर्ट घरी शिवला तरी त्याचे कापड कोणत्या तरी यंत्रमागावर विणले गेलेलेच असते, सूत कोठल्या तरी गिरणीतून आलेले असते, रंग कोणत्या तरी नदीत गेलेला असतो. साखळीतली शेवटची एक कडी घरात आली म्हणून बाकीची साखळी शुद्ध झाली असे होत नाही. शिवाय हौशी शिवणाऱ्यांच्या कपाटांत ‘कधीतरी शिवू’ म्हणून आणलेल्या कापडांचे जे ढीग साठतात, ते तयार कपड्यांच्या ढिगांहून नैतिकदृष्ट्या वरचढ कसे, हे सांगणे कठीण आहे. परंतु मुख्य आक्षेप मापाच्या मुद्द्याला आहे. देहाच्या मापाने शिवलेला कपडा ही जणू हरवलेली गोष्ट आहे आणि घरच्या मशीननेच ती परत मिळवता येते, अशी आपली मांडणी आहे. ज्या देशांत शिंपी जवळजवळ नामशेष झाला आणि मापाने शिवून घेणे ही श्रीमंतांची चैन ठरली, तिथे ती शोभते. महाराष्ट्रात तिचा पाया ढासळतो. येथे गल्लोगल्ली लेडीज टेलर आहे, मॅचिंग सेंटरमध्ये साडी दाखवून टू बाय टूचे कापड घ्यायचे आणि शेजारच्या टेलरकडे ‘जुना ब्लाउज मापाला ठेवा’ म्हणून टाकायचे, हा लग्नसराईतला सर्वसामान्य व्यवहार आहे. साडी नेसणारी, अगदी बेताच्या मिळकतीची स्त्रीसुद्धा ब्लाउज मात्र स्वतःच्या मापाचा घालते, आणि आतून ठेवलेली माया, म्हणजे पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिलाईच्या आत राखलेले जास्तीचे कापड, उसवून तो दोन-तीन वर्षांनी पुन्हा अंगाबरोबर करून घेते. तेव्हा घरी शिवणारी व्यक्ती कारखान्याला धक्का देते असे समजते, पण प्रत्यक्षात तिची शिवण शिंप्याच्या ताटातला घास घेते. आणि शिंपी हा या समाजातला जुना कसबी माणूस आहे. संत नामदेवांचे कुळ त्याच व्यवसायातले. शिवण हे घरातल्या बायकांचे काम, ही समजूतच मुळी अलीकडची आहे. शतकानुशतके कापणे आणि शिवणे हा बाजारातल्या पुरुषाचा धंदा होता. घरात होत असे ती गोधडी, ठिगळ आणि फाटक्याची डागडुजी.

या ठिकाणी एक नोंद आवश्यक आहे. घरच्या शिवणीविषयी इंग्रजीतून जे लिहिले जाते त्यात बहुधा दोनच पक्ष असतात, घर आणि कारखाना. वादही त्याच दोघांत लावला जातो. मराठी वाचकासमोर तिसरा पक्ष उभा असल्यामुळे तो वाद येथे जसाच्या तसा उतरत नाही, आणि साशंकाने शिंप्याला मध्ये आणून वादाचे तोंडच फिरवले आहे. शिवणप्रेमीला यापुढे कारखान्याविरुद्ध बोलून भागणार नाही, ही गोष्ट त्याच्याही ध्यानात आलेली दिसते.

शिवणप्रेमी : शिंपी पुरुष होता, हीच तर बायकांनी शिवण हाती घेण्यामागची एक मोठी कारणपरंपरा आहे. अनोळखी पुरुषापुढे माप देणे ज्यांना नको वाटे, किंवा घरातून ज्यांना तशी मुभाच नसे, त्यांनी जुना कपडा नमुन्याला पाठवायचा आणि त्या कपड्यातली चूक नव्या कपड्यातही निमूट घालायची, असा तो प्रकार होता. मापाने शिवलेला म्हणून आपण ज्याचा गौरव करता तो ब्लाउज कित्येकदा दुसऱ्या ब्लाउजच्या मापाचा असतो, देहाच्या नव्हे. दुसरे कारण मिळकतीचे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि अशा संस्थांनी विधवा व निराधार स्त्रियांपुढे लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणही ठेवली ती विरंगुळा म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटण्यावाचून चार पैसे मिळवण्याचा तो एक प्रतिष्ठित मार्ग होता. यंत्राविषयी ज्यांचे मत अत्यंत कडक होते त्या गांधीजींनीसुद्धा 1924 मधील एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केला होता. शोधल्या गेलेल्या मोजक्या उपयुक्त वस्तूंपैकी ही एक, आणि पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते यंत्र तयार केले, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने यंत्र माणसाला हाकलून लावते की माणसाच्या हाताखाली राहते हा खरा प्रश्न होता, आणि पायाने चालवायचे, थांबवले की थांबणारे, घरातल्या कोपऱ्यात मावणारे हे यंत्र दुसऱ्या प्रकारात बसत होते. घरच्या शिवणीची प्रतिष्ठा या परंपरेतून आली आहे. तिला केवळ रिकामपणची हौस म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

साशंक : इतिहासच काढला आहे तर तो पुरता काढावा. पत्नीवरील प्रेमाची ती कथा गोड आहे, पण सिंगर हा नट आणि खटपटी धंदेवाईक होता, आणि त्याचा स्वतःचा निर्वाळा असाच आहे की आपल्याला पैसा हवा होता. त्याच्या 1851 च्या पेटंटापूर्वी, 1846 साली, एलायस हाउ याने टोकाशी छिद्र असलेल्या सुईचे आणि वरून एक व खालून एक अशा दोन दोऱ्यांनी गुंफल्या जाणाऱ्या टाक्याचे पेटंट घेतले होते, आणि पुढे न्यायालयात जाऊन सिंगरकडून स्वामित्वधन वसूलही केले. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने यंत्रे चालवून सैन्याचे गणवेश शिवायला घेतले, तेव्हा 1831 साली पॅरिसच्या शिंप्यांनी ती यंत्रे फोडून टाकली. त्या शिंप्यांना यंत्राचा स्वभाव गांधीजींहून अधिक कळला होता, असे म्हणण्याचा मोह होतो. सिंगरच्या कंपनीची खरी करामत हप्त्याने विकण्यात होती. त्यामुळे यंत्र घरोघर गेले, आणि घरोघर गेल्यावर काय झाले ते आपल्याकडेही दिसते. ज्या घरात पूर्वी शिवलेले कपडे मोजकेच असत तिथे उशांचे अभ्रे, पडदे, रेडिओचे आणि पुढे मिक्सरचे झाकण, पोरांच्या चड्ड्या, पोरींचे परकर-पोलके, सगळे घरच्या बाईच्या माथी आले. यंत्राने टाका लवकर पडू लागला, पण टाक्यांची संख्या कितीतरी वाढली. आणि संस्थांनी दाखवलेला तो मिळकतीचा मार्ग आज कोठे येऊन थांबला आहे? जिल्हा परिषदेच्या कार्यक्रमात ओळीने मांडलेली शिलाई मशीन पुढाऱ्याच्या हस्ते वाटली जातात. ती घरी आल्यावर गल्लीतल्या चौथ्या दारावर ‘येथे फॉल-पिको करून मिळेल’ अशी पाटी लागते, आणि चौघी जणी एकमेकींचा दर पाडत बसतात. ‘घरबसल्या उत्पन्न’ या शब्दप्रयोगाच्या पोटात दुकानाचे भाडे नाही, ठरलेले तास नाहीत, संघटना नाही आणि आजारपणाची रजाही नाही. याच घरात, याच मशीनवर, एक जण हौसेने अंगरखा शिवते आणि दुसरी मजुरीवर शंभर पेटीकोट शिवते. आपला लेख पहिलीवर लिहिला जातो.

शिवणप्रेमी : लेख पहिलीवर लिहिले जातात ही तक्रार रास्त आहे. तरीही त्या दोघींना वेगळे करणारी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे, आणि ती कल्पनेची आहे. पेटीकोट शिवणारीला कशाचीही निवड करता येत नाही. नेफा, घेर, नाडी, सगळे ठरलेले. घरच्या शिवणीत निवडीचा वाव सर्वांत मोकळा कोठे मिळतो, तर वेशभूषेत. वेशभूषेचा कपडा आणि नित्याचा कपडा यांचे धर्म वेगळे आहेत. नित्याचा कपडा जवळून पाहिला जातो, घामाने भिजतो, पन्नास वेळा धुतला जातो. वेशभूषेचा कपडा पंधरा हातांवरून, दिव्यांच्या झोतात, तासभर पाहिला जातो. म्हणून शाळेच्या गॅदरिंगसाठी घरी शिवलेल्या मावळ्याच्या अंगरख्याला आतून ओव्हरलॉक नसले, बंद नुसत्या धावदोऱ्याने टाचलेले असले, जरीचा काठ म्हणजे एखाद्या निवृत्त साडीची किनार असली तरी चालते. चालत नाही ते खांद्याची रेघ चुकलेली असणे, कारण दुरून माणूस ओळखू येतो तो बाह्यरेषेवरून. हा धडा गिरवणाऱ्या आईने, नकळत का होईना, रेखनाचे म्हणजे डिझाइनचे पहिले तत्त्व हस्तगत केलेले असते. आपल्याकडे घरात अशी कामे वर्षभर निघतात. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी बाळाचे काळे झबले, ज्यावर पांढरा हलवा उठून दिसावा; गौरींच्या उभ्या मुखवट्यांना नेसवायच्या साड्या, ज्यांत खाली देहच नसल्यामुळे निऱ्यांचा भार कशावर टाकायचा हे आधी ठरवावे लागते; आषाढीच्या दिंडीसाठी शाळकरी वारकऱ्याचे धोतर, जे रस्त्यात सुटणार नाही. आणि हा वेश रोजच्या कपड्यात झिरपतो. बालगंधर्वांच्या नेसण्याची आणि ल्यायची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हे प्रसिद्धच आहे. रंगभूमीवरची स्त्री पुरुष साकारत होता आणि घरातली स्त्री तिच्याकडे पाहून नेसत होती, इतका हा प्रवाह उलटसुलट आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया आरंभी स्त्रियांच्या एका नियतकालिकासाठी कपड्यांची चित्रे काढीत. संपादिकेने दुकान उघडले तेव्हा त्यांनी चित्रातला कपडा प्रत्यक्ष करून पाहिला, आणि त्या वाटेने त्या चित्रपटांकडे गेल्या. ‘गांधी’साठी 1983 साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. ‘ब्रह्मचारी’ या 1968 च्या चित्रपटात मुमताजने नाचताना नेसलेली, घट्ट बसणारी आणि चेन लावून शिवलेली साडी त्यांचीच. आज लग्नाकार्यात तयार नऊवारी पाचवारीखालच्या पेटीकोटाइतक्या सहजपणे चढवली जाते, तिची युक्ती याच जातीची आहे.

साशंक : अथैयांचे नाव घेतले हे बरे झाले, कारण त्यांच्या उदाहरणातून आपला मुद्दा उलटतो. त्या कल्पक होत्या, अभ्यासू होत्या, परंतु त्यांचे कपडे हाताखालच्या कारागिरांनी शिवले, आणि ऑस्करवर त्या कारागिरांची नावे नाहीत. रेखन आणि शिवण यांची फारकत अशीच होत असते. रेखनाला नाव मिळते, शिवणीला मजुरी. घरी दोन्ही एकाच माणसाच्या हाती असतात हे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. पण तेथे दोहोंनाही ना नाव, ना मजुरी. शिवाय शाळेच्या वेशभूषेचे जे चित्र रंगवले ते विरळ होत चालले आहे. पोटापाण्याला लागलेल्या आईला शुक्रवारी निरोप येतो की सोमवारी मुलाला जिजाऊंचा शिवबा करून पाठवा, आणि ती वेशभूषा भाड्याने देणाऱ्याकडे धाव घेते. तिने तसे केले म्हणून तिची कल्पकता आटली असा ठपका ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. आता तयार नऊवारीविषयी. नऊ वार लांबीचे अखंड वस्त्र ही एक विलक्षण सोय होती. ते अंगावर असेपर्यंत साडी होते. विरले की त्याचे दुपटे होई, बाळाचे अंगडे-टोपडे होई, शेवटी थरांवर थर ठेवून गोधडी होई, आणि हे सर्व शक्य होते कारण त्याला कात्री लागलेली नव्हती. तयार नऊवारीत कात्रीने काष्टा कायमचा ठरवून टाकला, निऱ्या शिवून टाकल्या, कमरेला नाडी बसवली. नेसता न येणाऱ्या मुलीची सोय झाली हे मान्य, पण आजीचे वस्त्र नातीच्या मापाला बांधले गेले आणि पणतीच्या उपयोगातून गेले. जुन्या पैठणीचे अनारकली ड्रेस शिवण्याची जी लाट आहे तिच्याविषयी तर बोलूच नये. येवल्याच्या मागावर महिनोन्‌महिने खपून विणलेला पदर छातीवर येईल अशा बेताने कापायचा, आणि उरलेल्या कातरणाचा बटवा शिवून त्याला काटकसर म्हणायचे.

शिवणप्रेमी : कात्रीविषयी आपली भीती समजण्यासारखी आहे, परंतु ती सर्वच शिवणीला लावता येत नाही. कमीत कमी कापून शिवणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा खण पाहावा : एक खण म्हणजे एका चोळीचे कापड, तेव्हा शिवणीचे माप विणणाऱ्यालाच ठाऊक असे. बाळाची कुंची घ्यावी. कापडाचा एक लांबट तुकडा मधोमध घडी घालून एका बाजूने शिवला की डोक्यावरची टोपी तयार होते, बाकीचे कापड पाठीवर मोकळे सुटते, हनुवटीखाली दोन बंद येतात. एक शिवण, आणि वाया गेलेले कापड जवळजवळ शून्य. जुना कुडता असाच चौकटींचा बनलेला असे. अरुंद पन्ह्याचे, म्हणजे कमी रुंदीचे कापड जसेच्या तसे पुढे-मागे सोडायचे. घेरासाठी एक आयत तिरका कापून त्याच्या दोन कळ्या करायच्या आणि त्या दोन्ही कुशींना जोडायच्या. काखेत बगल म्हणून एक छोटा चौकोन कोनावर बसवायचा, म्हणजे हात वर केला तरी शिवण उसवत नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणीतच कापडाचा लक्षणीय हिस्सा कातरण म्हणून बाजूला पडतो, तिथे ही भूमिती आज अभ्यासाचा विषय झाली आहे. घरी शिवणारी व्यक्ती ती सहज पाळू शकते, कारण तिला तासाला ठरलेले नग काढायचे नसतात. पैठणीबद्दल एकच सांगायचे. रेशीम ट्रंकेत वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले की नेमके घडीवरच तुटू लागते. जरीची तार काळवंडते आणि तिच्या ओझ्याने आसपासचे धागे फाटतात. अशी पैठणी नेसायला उलगडली तर निऱ्या खोचतानाच चिरते. ती अखंड ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी घडी बदलली होती काय, हे आधी विचारावे. बदलली नसेल, तर शाबूत उरलेला पदर कापून अस्तरावर टाचणे हा विध्वंस म्हणता येत नाही.

साशंक : हे मान्य करण्यात अडचण नाही, विरलेल्या वस्त्राला कात्री लावणे आणि धडधाकट वस्त्राला लावणे यांत फरक करावाच लागेल. पण आपण दोघांनी जी उदाहरणे दिली त्यांच्याकडे पुन्हा एकदा पाहावे. कुंची, बगल, कळी, मायेसाठी राखलेले कापड, गोधडीचे थर : यातले एकही हौसेतून निघालेले नाही. कापड महाग होते, पन्हा अरुंद होता, दुसरा तुकडा मिळणार नव्हता, म्हणून वाया घालवणे परवडत नव्हते. हात बसला तोही तसाच. घरातल्या मुलीला शिवण यावी लागे, तिला ती आवडते का हे कोणी विचारत नसे, टाका मोठा पडला तर सासू किंवा मास्तरीण उसवायला लावी. ज्या कौशल्यावर आपण प्रेम करता ते सक्तीने घडवले आहे. आता सक्ती गेली, आणि ती गेली हे उत्तमच झाले. पण मोकळ्या मनाने शिवायला बसलेली व्यक्ती कंटाळ्याच्या जागी थांबणार नाही याची हमी कोण देणार? तिरकी बसलेली चेन उसवून पुन्हा लावण्यापेक्षा ‘हाताने केलेले आहे, असेच असायचे’ म्हणून तिरकीच मिरवण्याची सोय आता झाली आहे. स्वस्त कापडाने कारखान्याला जसे बेफिकीर केले तसे हौशी माणसालाही केले.

शिवणप्रेमी : उसवण्याची तयारी हीच कसोटी, यावर दुमत नाही. म्हणून गंभीरपणे शिवणारे अनेक जण स्वतःवर बंधने घालून घेतात : घरातल्या जुन्या साड्यांतूनच शिवायचे, म्हणजे तुकडा चुकला तर दुसरा आणता येत नाही, महागाच्या कापडाला हात लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा कपडा शिवून अंगावर लावून पाहायचा, आतली बाजू बाहेरच्या इतकीच स्वच्छ ठेवायची. ही सक्ती दुसऱ्याने लादलेली नाही, त्यामुळे तिच्यात जुना जाच नाही. ती तितकीच कडक राहील काय, हे मात्र आज सांगता येणार नाही. त्यासाठी अशी बंधने पाळणाऱ्यांची निदान एक पिढी शिवून म्हातारी व्हावी लागेल.

साशंक : आणि ती पाळली जात नाहीत तेव्हा जाब कोण विचारणार? शिंप्याकडे गिऱ्हाईक ब्लाउज परत आणते, काउंटरवर टाकते, ‘मुंढ्यात काचतोय’ म्हणून सांगते, आणि शिंप्याला तो उसवावा लागतो, नाहीतर पुढच्या लग्नसराईचे काम जाते. घरी शिवणाऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे मुलगा, नात, भाची किंवा नवरा. ते काचत असले तरी घालतात, फोटोपुरते हसतात आणि मग कपाटाच्या तळाशी ठेवतात. ज्याला तक्रार करता येत नाही अशा माणसाच्या मापाने शिवलेले, यापेक्षा वाईट माप कोणते?

शिवणप्रेमी : तक्रार करता येत नाही अशी घरे आहेत, आणि तिथे आपले म्हणणे खरे ठरते. परंतु जिथे ती करता येते तिथे शिंप्यालाही न मिळणारे काही घडते. आईने शिवलेला कुडता लेकीला काचला, तर लेक तो अंगात असतानाच उभी राहते, आई टाचण्या तोंडात धरून काखेखालची शिवण दोन टाके सोडते, हात वर करायला लावते, पुन्हा दोन सोडते. अशा घरांत शिवण कोणी शिकवली, लेकाला शिकवली की लेकीलाच, आणि त्या आईला ती नको होती तेव्हा ती नाही म्हणू शकली होती की नाही, एवढे विचारायचे राहते. आणि त्याचे उत्तर घरागणिक वेगळे निघेल.